विनेटका: पद्धत जगाची, घरपट्टी गावाची

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या माणसाला ‘विनेटका योजना’ हे नाव नवे नसते. डाल्टन योजना, प्रकल्प पद्धती यांच्या शेजारी तिच्यावर एक टीप लिहावी लागते. प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकते, कोणी नापास होत नाही, प्रवर्तक कार्लटन वॉशबर्न, सन १९१९. एवढे लिहिले की गुण मिळतात. विनेटका हे एक खरेखुरे गाव आहे, तिथे त्या शाळा आजही भरतात, त्यांचा खर्च अमुक लोक करतात आणि त्या गावात राहायला अमुक लोकांना जागा मिळत नव्हती, यातले काही त्या टिपेत येत नाही. शिक्षक घडवणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांनी गेली अनेक दशके ही पद्धत गावापासून तोडून शिकवली आहे. मला ते नुकसानकारक वाटते, कारण पद्धत चांगली होती आणि ती तिथेच का रुजली, हे समजून घेतल्याशिवाय ती आपल्याकडे का रुजत नाही हेही समजत नाही.

विनेटका शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. १८५० च्या दशकात काठाकाठाने रेल्वे आली, तिच्या मागोमाग वस्ती आली आणि १८६९ मध्ये विनेटकाला ‘व्हिलेज’ म्हणून कायदेशीर दर्जा मिळाला. गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शिवार येते, तसे हे गाव नव्हते. सकाळच्या गाडीने शिकागोला जाणारे वकील, व्यापारी, कंपन्यांचे अधिकारी आणि त्यांची प्रशस्त घरे असे त्याचे रूप हळूहळू ठरत गेले. लोकसंख्या आजही बारा-तेरा हजारांच्या घरात आहे.

इथली शासनव्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. इलिनॉय राज्यात १८५५ च्या कायद्याने मोफत शाळांसाठी कर बसवण्याची तरतूद झाली. शाळा चालवणारी संस्था गावाच्या कारभारी मंडळापासून वेगळी असते. तिला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. तिचे मंडळ लोक निवडून देतात, सभासदांना मानधन नसते आणि तिचा स्वतःचा कर असतो. तो कर घरांच्या किमतीवर बसतो. सोप्या शब्दांत, शाळेसाठी वेगळी घरपट्टी. विनेटकाच्या आठवीपर्यंतच्या शाळा ‘डिस्ट्रिक्ट ३६’ चालवते. पुढच्या शिक्षणासाठी आसपासच्या गावांनी मिळून चालवलेली न्यू ट्रायर ही माध्यमिक शाळा १९०१ मध्ये सुरू झाली. शाळा मंडळासाठी उमेदवार कोण असावेत, हे ठरवायला गावात पिढ्यान्‌पिढ्या नागरिकांची सभा भरत आली. पक्षाची चिन्हे नाहीत, प्रचाराचा गदारोळ नाही. गावातले सुशिक्षित लोक एकत्र बसून नावे सुचवत. यातून सक्षम माणसे मंडळावर आली, हे खरे. मात्र ती एकाच थरातली होती.

१९१९ हे वर्ष या गावात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पेरी डनलॅप स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली ‘नॉर्थ शोअर कंट्री डे स्कूल’ ही खासगी शाळा विनेटकात सुरू झाली. पैसेवाल्या गावात असे होतेच. सार्वजनिक शाळा मग उरलेल्यांसाठी राहते आणि तिचे काय होते ते आपण महाराष्ट्रात डोळ्यांदेखत पाहतो आहोत. पण त्याच वर्षी विनेटकाच्या शाळा मंडळाने सार्वजनिक शाळांसाठी नवा अधीक्षक आणला. तोच कार्लटन वॉशबर्न; तेव्हा तो २९ वर्षांचा होता. खासगी शाळेच्या तोडीस तोड सार्वजनिक शाळा उभी करायची, हा निर्णय गावाने घेतला आणि निभावला. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. दोन्ही शाळांत पुढे वैरही झाले नाही. १९३२ मध्ये वॉशबर्न, स्मिथ आणि शिकागोच्या फ्रान्सिस पार्कर शाळेच्या फ्लोरा कुक यांनी मिळून शिक्षकांसाठी ‘विनेटका ग्रॅज्युएट टीचर्स कॉलेज’ काढले. ते १९५४ पर्यंत चालले.

कार्लटन वॉशबर्न यांचा जन्म १८८९ मध्ये शिकागोचा. त्यांच्या आई मॅरियन फॉस्टर वॉशबर्न या जॉन ड्युई आणि फ्रान्सिस पार्कर यांच्या विचारांच्या वर्तुळात वावरलेल्या होत्या आणि मुलगा पार्करच्या शाळेत काही काळ शिकलाही होता. पण प्रत्यक्ष पद्धतीचे बीज त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत मिळाले. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख फ्रेडरिक बर्क यांनी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका तयार करून वर्गपद्धतीला पर्याय उभा केला होता. वॉशबर्न त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि विनेटकाच्या मंडळाला त्यांचे नाव सुचवले ते बर्क यांनीच.

आता प्रत्यक्ष वर्गात काय बदलले ते पाहू. शाळेतले काम दोन भागांत विभागले गेले. एका भागात वाचन, शुद्धलेखन, गणित अशी सर्वांना यायलाच हवीत अशी कौशल्ये. ती छोट्या-छोट्या टप्प्यांत मांडली जात आणि प्रत्येक मुलाकडे एक ‘गोल कार्ड’ असे. त्यावर त्याच्या पुढचे टप्पे लिहिलेले. मूल पुस्तिकेतून स्वतः शिकायचे, उत्तरे स्वतः तपासायचे, सराव चाचणी द्यायचे आणि तयारी झाली असे त्यालाच वाटले की शिक्षिकेकडे खरी चाचणी मागायचे. चाचणीत काही चुकले तर शेरा मिळत नसे. चुकलेला भाग पुन्हा करायचा आणि पुन्हा चाचणी द्यायची, इतकेच. पूर्ण आल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. त्यामुळे एकाच वर्गातले मूल गणितात चौथीच्या टप्प्यावर आणि वाचनात सहावीच्या टप्प्यावर असू शके, आणि तरी ते आपल्या वयाच्या मुलांबरोबरच बसे. वर्ष वाया जाणे हा प्रकारच उरला नाही.

दुसरा भाग याच्या अगदी उलट. सकाळचा निम्मा आणि दुपारचा निम्मा वेळ नाटक, संगीत, सुतारकाम, चर्चा, विद्यार्थ्यांचा कारभार, एकत्र उपक्रम यांना दिलेला. तिथे टप्पे नाहीत, चाचण्या नाहीत, कोणाची कोणाशी बरोबरी नाही. आपल्या परीक्षेतल्या टिपेत पहिला भाग येतो, दुसरा सहसा गळतो. त्यामुळे विनेटका म्हणजे एकेकट्या मुलाने कोपऱ्यात बसून पुस्तिका सोडवणे, असा समज होतो. वॉशबर्न यांना हे दोन्ही भाग एकमेकांवाचून अपुरे वाटत. गणिताचा पाढा प्रत्येकाने आपल्या वेळेत पाठ करावा, पण नाटक मात्र सगळ्यांनी मिळून करावे, हे इतके साधे आहे की ते कोणाला आधी सुचले नाही याचे आश्चर्य वाटते.

आक्षेप घेणारे घरचेच होते. प्रकल्प पद्धतीचे पुरस्कर्ते विल्यम किलपॅट्रिक यांना ही विभागणी मान्य नव्हती. आधी ठरवून ठेवलेली कौशल्ये जीवनापासून तोडून, पुस्तिकांतून शिकवणे त्यांना यांत्रिक वाटले. आक्षेपात तथ्य होते. पण किलपॅट्रिक यांची मांडणी मोठ्या सार्वजनिक शाळेतल्या सामान्य शिक्षिकेच्या हातात देता येत नव्हती. वॉशबर्न यांची देता येत होती. पुस्तिका गावातल्या शिक्षकांनीच लिहिल्या, शाळेनेच त्यांच्या प्रती काढल्या आणि वापरून वापरून सुधारल्या. वर्षानुवर्षे बैठका घेऊन, चुका गोळा करून, उदाहरणे बदलून पाठ्यसाहित्य घडवण्याचे काम नोकरी करणाऱ्या शिक्षकांनी केले. या योजनेचा खरा कणा तिथे होता.

या शाळांना संशोधनाचीही सवय लागली. १९२६ मध्ये वॉशबर्न, मेबल व्होगल आणि शिकागो विद्यापीठाचे विल्यम ग्रे यांनी शाळांची पाहणी पुस्तकरूपाने मांडली. त्याच वर्षी ‘विनेटका ग्रेडेड बुक लिस्ट’ निघाली. कोणत्या वयाच्या मुलांना कोणती पुस्तके आवडतात हे देशभरच्या छत्तीस हजारांहून अधिक मुलांना विचारून ही यादी केली होती. मुलांच्या वाचनाबद्दल मुलांनाच विचारावे हे त्या काळी नवीन होते. त्याच सामग्रीवरून १९२८ मध्ये वॉशबर्न आणि व्होगल यांनी मजकूर किती सोपा-कठीण आहे हे मोजणारे सूत्र मांडले. अशा सूत्रांतले ते सुरुवातीचे.

याच संशोधनातून एक गोष्ट मात्र बिघडली आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. १९३१ मध्ये मेबल व्होगल मॉर्फेट (लग्नानंतरचे नाव) आणि वॉशबर्न यांनी विनेटकाच्या पहिलीतल्या १४१ मुलांच्या अभ्यासावरून निष्कर्ष काढला की, मानसिक वय साडेसहा वर्षे होईपर्यंत वाचन शिकवायला घेऊ नये. घाई करून मुलाला अपयशाची चव देण्यापेक्षा थांबावे, असा त्यांचा कळवळा होता. पण तो आकडा अमेरिकाभर पसरला. पुढची दोन-तीन दशके शिक्षक-प्रशिक्षणाची पुस्तके तो नियमासारखा सांगत राहिली आणि असंख्य मुलांना ‘अजून तयार नाही’ म्हणून अक्षरांपासून दूर ठेवले गेले. १९३७ मध्ये आर्थर गेट्स यांनी दाखवून दिले की, मूल केव्हा वाचू शकेल हे बऱ्याच अंशी त्याला कसे शिकवले जाते यावर अवलंबून असते. साहित्य आणि शिकवणे चांगले असेल तर लहान मूलही वाचते. तरी आकडा टिकला. एका सधन गावातल्या, घरात पुस्तकांची कपाटे असलेल्या मुलांवरून काढलेले माप खाणकामगारांच्या आणि शेतमजुरांच्या मुलांना लावले गेले. विनेटकाच्या मुलाला शाळेत वाचन उशिरा आले तरी घरी आई गोष्ट वाचून दाखवत असे. ज्या घरात पुस्तकच नव्हते तिथल्या मुलाचे ते वर्ष भरून कोण देणार होते?

१९३०-३१ मध्ये वॉशबर्न जगाच्या फेरीवर निघाले. जपान, चीन, भारत, सोव्हिएत रशिया, युरोप अशा देशांतल्या शिक्षणविचारकांना आणि नेत्यांना भेटून त्यांनी १९३२ मध्ये ‘रीमेकर्स ऑफ मॅनकाइंड’ हे पुस्तक लिहिले. शाळेने मुलाला राष्ट्रासाठी घडवायचे की जगासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. एका गावाच्या शाळा मंडळाने आपल्या अधीक्षकाला असे प्रश्न घेऊन वर्षभर जगभर फिरू द्यावे, यातून त्या मंडळाची समज दिसते. १९४३ मध्ये त्यांनी विनेटका सोडले आणि ते मित्रराष्ट्रांच्या प्रशासनाबरोबर इटलीत गेले. फॅसिस्ट राजवटीने बिघडवलेल्या शाळा आणि पाठ्यपुस्तके सुधारणे हे काम तिथे त्यांच्याकडे होते.

त्यांच्या कारकिर्दीतली डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे १९४० मध्ये सुरू झालेली क्रो आयलंड शाळा. एलिएल आणि ईरो सारिनेन हे फिनलंडहून आलेले पिता-पुत्र आणि शिकागोची पर्किन्स, व्हीलर अँड विल ही तरुण मंडळी हे तिचे वास्तुकार. लॉरेन्स पर्किन्स आराखडा काढण्याआधी कितीतरी दिवस विनेटकाच्या वर्गांत मागे बसून मुले आणि शिक्षिका काय करतात ते पाहत राहिले. शिक्षकांकडून, सफाई कामगारांकडूनही सूचना घेतल्या गेल्या. उपक्रमांच्या प्रमुख फ्रान्सेस प्रेस्लर यांनी इमारत मुलांना कशी वाटावी याबद्दल वास्तुकारांना सविस्तर पत्र लिहिले. मग इमारत तशीच झाली. प्रत्येक वर्ग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा, एका बाजूला बसण्याची जागा, दुसऱ्या बाजूला हाताने कामे करण्याची खोली, वर्गातच पाण्याची सोय आणि स्वच्छतागृह, दोन बाजूंनी खिडक्या, आणि बाहेर पडले की त्या वर्गाचे स्वतःचे अंगण. छत नेहमीपेक्षा खाली. विजेची बटणे मुलांच्या हाताला येतील अशी. सभागृहात पुढच्या रांगेतली बाके लहान, मागे जावे तशी मोठी. १९७१ मध्ये अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेने पंचवीस वर्षांनंतरही टिकून राहिलेल्या वास्तूंना दिला जाणारा पुरस्कार या शाळेला दिला आणि १९९० मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. युद्धानंतर अमेरिकेत बांधल्या गेलेल्या हजारो एकमजली, खिडक्यांच्या शाळांवर तिची छाप आहे. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब बटणांच्या उंचीपेक्षा पर्किन्स यांचे वर्गात बसून राहणे ही वाटते. आपल्याकडे शाळाखोल्यांचा नकाशा वर्षानुवर्षे बांधकाम खात्यात तयार होतो आणि शिक्षकाला तो खोली ताब्यात घेताना दिसतो.

नंतरच्या दशकांवर इथे धावती नजर पुरे. १९५६ ते १९६३ या काळात सिडनी मार्लंड अधीक्षक होते. ते पुढे देशाचे शिक्षण आयुक्त झाले. वॉशबर्न आणि त्यांनी मिळून १९६३ मध्ये विनेटकाच्या प्रयोगाचा इतिहास लिहिला. १९६८ मध्ये वॉशबर्न वारले आणि लगेच त्यांच्या नावाची शाळा उभी राहिली. १९८८ च्या मे महिन्यात विनेटकाच्याच हबर्ड वुड्स शाळेत एका बाहेरच्या व्यक्तीने घुसून गोळीबार केला. आठ वर्षांचा एक मुलगा मारला गेला, काही मुले जखमी झाली. शाळेतला गोळीबार ही अमेरिकेची नेहमीची बातमी होण्याच्या आधीचा तो काळ होता. एवढ्या काळजीने चालवलेल्या शाळाही त्यातून सुटल्या नाहीत.

आता घरपट्टीकडे वळतो. विनेटकाच्या शाळा सार्वजनिक होत्या, म्हणजे गावातल्या कोणालाही मोफत होत्या. पण गावात घर घेता येणे हीच मुख्य अट होती. शिकागोच्या उत्तरेच्या या किनाऱ्यावर दलाल कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे दाखवत नसत, आणि ज्यू कुटुंबांनाही पुष्कळ ठिकाणी दारे बंद होती. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘नॉर्थ शोअर समर प्रोजेक्ट’ या मोहिमेने या भेदभावाविरुद्ध घरोघर काम केले आणि २५ जुलै १९६५ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग विनेटकाच्या गावहिरवळीवर हजारो लोकांसमोर बोलले. ही मोहीम चालवणाऱ्यांत याच गावांतले लोक होते, हे नोंदवायला हवे. १९६८ मध्ये देशाने घरांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केला. पण कायद्याने दार उघडले तरी घराची किंमत उरलीच. शाळा चांगली म्हणून घर महाग आणि घर महाग म्हणून शाळेकडे पैसा, हे चक्र कोणी मुद्दाम फिरवायला लागत नाही.

जोनाथन कोझल यांनी १९९१ च्या ‘सॅव्हेज इनइक्वॉलिटीज’ या पुस्तकात न्यू ट्रायर आणि शिकागोतल्या गरीब वस्तीतल्या माध्यमिक शाळा शेजारी शेजारी ठेवल्या. एकीकडे हिरवी मैदाने, पोहण्याचे तलाव, थोड्या मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक. दुसरीकडे गर्दी, तुटकी प्रयोगशाळा आणि शिक्षकच न येणारे तास. राज्य एकच, अंतर तासाभराचे. २ सप्टेंबर २००८ रोजी, शाळेच्या पहिल्याच दिवशी, इलिनॉय राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि धर्मोपदेशक जेम्स मीक्स शिकागोच्या हजाराहून अधिक मुलांना बसने न्यू ट्रायरला घेऊन गेले आणि तिथे प्रवेशाचे अर्ज भरले. प्रवेश मिळणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. पैसा कुठे अडतो आहे हे दाखवणे हा हेतू होता. २०१७ मध्ये राज्याने निधीचे नवे सूत्र आणले, ज्यात नवा राज्यनिधी आधी गरजू स्कूल डिस्ट्रिक्टकडे वळतो. ही खरी सुधारणा आहे. पण शाळेचा मुख्य आधार अजूनही स्थानिक घरपट्टी आहे.

म्हणून विनेटकाबद्दलचा माझा निवाडा सरळ आहे. वर्गातली पद्धत श्रीमंतीची नव्हती. पुस्तिका, कार्ड, चाचणी मागण्याची मुभा, अर्धा दिवस एकत्र उपक्रम, यांना सरोवराकाठचे गाव लागत नाही. ते सारे एका सामान्य शाळेतही होऊ शकले असते. श्रीमंतीची होती ती सोबतची व्यवस्था. शिक्षकांना बैठकांसाठी मिळणारा वेळ, कमी पटाचे वर्ग, बदली न होणारा अधीक्षक, वीस-पंचवीस वर्षे एकाच दिशेने पाहणारे मंडळ. हे घरपट्टीने विकत घेतलेले होते. शिक्षणशास्त्राने पद्धत जगभर पाठवली आणि व्यवस्था तिथेच ठेवली.

महाराष्ट्रात आपण या पद्धतीच्या जवळपास अनेकदा येऊन गेलो. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद फरशीवर उतरवून दाखवला आणि राज्यभरचे शिक्षक तो पाहायला गेले. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांना काय येते यावरून गटांत बसवण्याचा आग्रह धरला. विनेटकाच्या गोल कार्डामागेही हीच दृष्टी होती. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे ठरवले. पण प्रत्येक टप्पा पक्का करून पुढे जाण्याची जी बाजू वॉशबर्न यांनी अर्ध्या आयुष्यात बांधली, ती आपण बांधलीच नाही. नापास करणे थांबले, टप्पे तपासणे सुरू झाले नाही. मग तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीच्या परीक्षा पुन्हा आणल्या. दोन्ही वेळा शिक्षकाला हुकूम गेला. पुस्तिका लिहायला, तपासायला, पुन्हा लिहायला लागणारा वेळ त्याला कोणी दिला नाही. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे यातून उरलेल्या वेळात त्याने हे करावे अशी अपेक्षा आहे.

शहराच्या कडेला असलेल्या आपल्या गावांची स्थिती आणखी बोलकी आहे. पुण्याभोवती, ठाण्याभोवती, नाशिकभोवती जमिनींचे भाव चढले, टॉवर उभे राहिले, गावे महापालिकेत गेली. तिथली जिल्हा परिषदेची शाळा मात्र नव्या रहिवाशांची झाली नाही. त्यांची मुले बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. जुन्या शाळेत बांधकाम मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले येतात. विनेटकाने १९१९ मध्ये जो निर्णय घेतला तो घेण्याची संधी या गावांना अजून आहे, आणि आपल्याकडे शाळेचा पैसा मुख्यतः राज्याकडून येत असल्याने एका गावाची श्रीमंती दुसऱ्या गावाची गरिबी होण्याचा धोकाही तितका नाही. शाळा व्यवस्थापन समित्या कायद्याने आहेतच. त्यांत टॉवरमधले पालक नाहीत, कारण त्यांची मुले तिथे नाहीत.

अध्यापक विद्यालयांत शिकवणाऱ्यांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षी ‘विनेटका योजना’ शिकवाल तेव्हा फळ्यावर तिची वैशिष्ट्ये लिहा आणि त्याखाली तीन प्रश्नही लिहा. त्या शाळेचा पैसा कुठून येत होता, पुस्तिका कोणी लिहिल्या, आणि त्या गावात कोणाला घर मिळत नव्हते. विद्यार्थ्यांना या प्रश्नांची उत्तरे शोधायला लावा आणि त्यांच्या टिपेत ती उत्तरे असतील तर त्यांना पूर्ण गुण द्या.